शेंदाड, सराटा आणि उन्हाळी

पटकी, प्लेग, देवी यांचे आकडे निजामाच्या जुन्या दफ्तरांत सापडतील. उन्हाळीची, म्हणजे लघवीच्या जळजळीची, नोंद कोण ठेवणार? त्या आजाराने माणूस पटकन मरत नाही, आणि ज्यांना तो होतो त्या चारचौघांत त्याचं नाव घेत नाहीत. मी गंगाखेडकडची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नर्सबाई म्हणून नोकरीला लागले आणि पुढं गंगाखेड, पालम, जिंतूर अशा तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर सगळी नोकरी काढली. लसीकरण आणि कुटुंबनियोजन ही सरकारी कामं. पण रजिस्टर मिटलं, पुरुषमाणसं पांगली की एखादी बाई मागं रेंगाळायची. "बाई, उन्हाळी लागलीय. थेंब थेंब होतीय अन् आग आग होतीय." एकीनं सांगितलं की मागच्या दोघी-तिघींनाही तेच असायचं. उपकेंद्रात येईपर्यंत घरचे सगळे उपाय करून झालेले असत. त्यात फळांचा वाटा केवढा होता, ते मला याच बायकांकडून कळलं.

सगळ्यात आधी शेंदाड. हल्लीच्या पोरींना ते दाखवायचं म्हटलं तर अख्खा बाजार पालथा घालावा लागेल. खरिपाच्या ज्वारीत नाहीतर कापसात चार बिया मुद्दाम टाकलेल्या असत. काही वेल तर आपले आपणच उगवत. भाद्रपदाच्या सुमारास फळ पिकलं की साल आपोआप तडकायची, आतला पिठूळ, फिकट गर बाहेर डोकवायचा आणि वास बांधापर्यंत यायचा. त्याला विकत घेणारं गिऱ्हाईक कुणी नव्हतं. ते निंदणाऱ्या बाईचं फळ. दुपारी ती धुऱ्यावर बसून गुळाच्या खड्याबरोबर अर्धं खायची आणि अर्धं लेकरासाठी पदरात बांधायची. वाळूक आणि काकडीचंही असंच.

उन्हाळ्यात शेत रिकामं असायचं, तेव्हा नदी कामाला यायची. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. पाणी ओसरलं की भोई मंडळी वाळूत चर खोदून शेणखत भरत, टरबूज-खरबुजाच्या बिया लावत आणि वेल मोठे होईपर्यंत पाणी घालत. चैत्रात पात्रातल्या या वाड्यांमधून फळांचे ढीग लागायचे. आमच्या घरी खरबूज चिरलं की बी टाकायची नाही, असा आजीचा दंडकच होता. बिया राखेत चोळायच्या म्हणजे बुळबुळीतपणा जातो, मग धुऊन सुपात पसरून वाळवायच्या. कुणाला उन्हाळी लागली की मूठभर बिया पाट्यावर वाटायच्या, पाणी घालून फडक्यातून गाळायच्या, खडीसाखर टाकायची. पांढरंशुभ्र, दुधासारखं पाणी. दोन-तीन वेळा घेतलं की आग कमी होते, असं आजी म्हणायची. व्हायचीही. पण बियांबरोबर पोटात गेलेल्या तांब्याभर पाण्याचा हिशेब तिनं कधी धरला नाही.

या घरगुती औषधाला दोन्हीकडचे वाडवडील आहेत. आमचा परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आणि त्या राज्यात युनानी वैद्यकाला सरकारी मान होता. हैदराबादेत चारमिनारजवळचा मोठा युनानी दवाखाना सातव्या निजामाच्याच काळातला. हकिमांचं शरबत बुजूरी म्हणजे मुख्यतः खरबूज, काकडी, कासनी अशा बियांचंच. लघवी साफ व्हावी म्हणून द्यायचं. वैद्यांच्या पुडीत गोखरू असायचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात लघवी सुटायला मदत करणाऱ्या दहा वनस्पतींचा एक गट दिलाय. त्यात गोखरू आहे, दर्भ, कुश, काश ही गवतं आहेत. खायचं म्हणावं असं फळ मात्र नाही. आंबा आणि जांभूळ आहेत ते उलट्या गटात, लघवी आवरणाऱ्या. गोखरू म्हणजे आपला सराटा. परभणीच्या काळ्या रानात अनवाणी चालणाऱ्या बाईला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. टाचेतून उपसून काढलेला सराटा तसाच काढ्यात टाकणारी एक म्हातारी मी पालमकडं पाहिलीय. आमच्या बायकांनी वैद्याचा सराटा आणि हकिमाचं बी एकाच तांब्यात घातलं. कुणाचं कुठलं, याची चौकशी त्यांनी केली नाही.

औषध असं दारात होतं. मग आजार परत परत का यायचा? नवीन होते तेव्हा मी प्रत्येकीला एकच सांगायचे, पाणी भरपूर पी. जिंतूरकडच्या एका बाईनं मला सरळ विचारलं, "पानी पेलं की जावं लागतं. अन् जावं कुटं?" सकाळी उजाडायच्या आत आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर, मधे नाही. दिवसभर शेतात पुरुष, रस्त्यावर पुरुष. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकाही हेच सांगत: कामावर पिण्याचं पाणी टँकरनं तरी यायचं, आडोसा कुठल्याच गाडीनं आला नाही. लघवी अडवून धरली तर ओटीपोट दुखतं, लघवीला त्रास होतो, हे चरकानं सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात लिहून ठेवलंय. त्या अध्यायाचं नावच 'नवेगान्धारणीय', म्हणजे वेग अडवू नका. वैद्यानं सांगितलेलं पथ्य पाळायला आधी जागा लागते.

शेंदाड-टरबुजाकडं मी इथून बघते. तांब्याभर पाणी प्यायला कचरणारी बाई फळ मात्र खायची, कारण फळ म्हणजे खाणं. काकडीत शंभर भागांतले सुमारे ९५ भाग पाणी, टरबुजात ९१-९२, खरबुजात ९० च्या आसपास. तिच्या पोटात पाणी जायचं ते या वाटेनं. आणि पाणी हवं कशाला, तर बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब. आतड्यातले ई-कोलाय जंतू तेवढं अंतर सहज चढून जातात आणि मूत्राशयात ठाण मांडतात. वरून लघवीचा लोंढा वारंवार आला की ते वाहून जातात. लघवी तुंबून राहिली की वाढतात.

उपकेंद्रावर माझ्या हाताशी जंतू मारणाऱ्या सेप्ट्रानच्या गोळ्या होत्या, नंतर दुसरी औषधं आली. बायकांचा खरा जीव होता तो गुलाबी, गोड बाटलीवर, लघवीची आंबटाई मारणाऱ्या औषधावर. तिनं आग कमी वाटते, पण जंतू मरत नाहीत. थंडी वाजून ताप, पाठीत कळ, लघवीत रक्त किंवा पोटुशी बाई, यांतलं काही दिसलं की मी फळ आणि बाटली दोन्ही बाजूला ठेवून तिला थेट डॉक्टरकडं धाडायचे. संसर्ग मूत्रपिंडात चढला तर शेंदाडाच्या बापाच्यानं उतरत नाही. आणि साखरेचा आजार असलेल्या बायकांना उन्हाळी जास्त लागते, त्यांनी टरबुजाची फोड मोजून खावी, हे कुणी सांगत नाही म्हणून मीच सांगते.

आता परभणीतल्या औषधांच्या दुकानांत क्रॅनबेरीच्या गोळ्या आल्यात. अमेरिकेतल्या दलदलीत पिकणारं हे आंबट लाल फळ; त्यातलं एक द्रव्य ई-कोलायला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाही, असं प्रयोगशाळेत दिसलं. १९९४ मध्ये बोस्टनकडच्या १५३ वृद्ध स्त्रियांवर त्याच्या रसाची चाचणी झाली आणि बरं काही दिसलं. २०१२ मध्ये कॉक्रेन या चाचण्या पडताळणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी २४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि फारसा उपयोग नाही असं म्हटलं. २०२३ मध्ये त्यांनीच ५० चाचण्या पाहिल्या आणि मत बदललं: वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका सुमारे एक चतुर्थांशानं घटतो. गरोदर स्त्रिया आणि संस्थांमधले वृद्ध यांना मात्र फायदा दिसला नाही. लागण झाल्यावर बरं करायला हे फळ नाही, पुन्हा होऊ नये म्हणून आहे. मला त्याचं वावडं नाही. पण मला जास्त पटली ती बल्गेरियातली, २०१८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी. कमी पाणी पिणाऱ्या, वरचेवर त्रास होणाऱ्या १४० स्त्रिया. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जादा. वर्षभरात जादा पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा लागण झाली, बाकीच्यांना ३.२ वेळा. हे औषध कुठल्याही रांजणात मिळतं. जिंतूरच्या त्या बाईचा प्रश्न तेवढा शिल्लक राहतो.

इकडं १९७६ मध्ये गोदावरीवर जायकवाडी धरण झालं. पुढं ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे आले, वाळू ट्रकांत गेली. गंगेच्या पात्रातल्या वाड्या जवळजवळ उठल्या. टरबूज आता मल्चिंगच्या कागदावर, ठिबकवर पिकतं. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, तणनाशक आलं, आणि तणनाशकाला तण कुठलं अन् शेंदाडाचा वेल कुठला हे ओळखता येत नाही. गावात २००० नंतर ग्रामस्वच्छता अभियानानं आणि २०१४ नंतर स्वच्छ भारतनं संडास बांधले. घरी असलेल्या बाईची सोय झाली. सोनपेठ-गंगाखेडकडून ऊसतोडीला जाणारी बाई मात्र सहा-सहा महिने फडात आणि पालावर असते. तिच्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल मिळते, ट्रॅक्टर मिळतो. तिच्याकडून मी आजही तेच ऐकते, दुपारनंतर पाणी पीत नाही म्हणून. तिला फळं खा म्हणून सांगते तेव्हा ती हसते आणि म्हणते, ऊस खातो की आम्ही.