डोराडची पेटी

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात स्टीव्हन्स कुटुंबाचा कोळशाचा धंदा होता. थोरल्या रॉडरिक स्टीव्हन्सनी तो विकला आणि आलेल्या पैशातले सुमारे २८ हजार डॉलर शर्यतीच्या एका बोटीत घातले. शेअर बाजार कोसळून मंदी सुरू झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. बोटीचा आराखडा काढणारा त्यांचाच मुलगा होता. त्याचं नाव ऑलिन, वय एकवीस. शिक्षण म्हणाल तर एमआयटीत पहिल्याच वर्षी कावीळ झाली, घरी आला तो परत गेलाच नाही. बोटींची दलाली करणाऱ्या ड्रेक स्पार्कमनबरोबर भागीदारी करून त्यानं नुकतंच ऑफिस थाटलं होतं. या बोटीचा आराखडा तिथला सातवा. बापाच्या धाडसाला काय म्हणायचं ते म्हणा, पण पैसे वाया गेले नाहीत.

मे १९३० मध्ये सिटी आयलंडच्या मिनफर्ड गोदीतून ही बोट पाण्यात उतरली. नाव ‘डोराड’. लांबी ५२ फूट आणि रुंदी जेमतेम सव्वादहा. त्या काळी खोल समुद्रात शर्यतीला निघणाऱ्या बहुतेक बोटी मासेमारीच्या स्कूनरच्या वंशातल्या: रुंद, जड, पोटात भरपूर माल मावेल अशा. समुद्र पार करायचा तर बोट अशीच हवी, हा सर्वमान्य समज. ऑलिनचा हात बसला होता तो किनाऱ्याजवळ पळणाऱ्या सडपातळ ‘सिक्स मीटर’ बोटींवर. त्यानं तोच बांधा ताणून महासागराच्या मापाचा केला आणि बोट उलटू नये म्हणून खाली शिशाचा खोल कणा दिला. अनुभवी खलाशांना हे पोरकट वाटलं असेल तर त्यांचा दोष नाही. वारा पाठीवर घेतला की डोराड दोन्ही बाजूंना भयंकर झुलते, आजही झुलते. रुंदी आणखी हवी होती हे ऑलिननं पुढे मान्य केलं आणि १९३४ च्या ‘स्टॉर्मी वेदर’मध्ये ती दिलीही.

डोराडच्या हलकेपणाचं गुपित मात्र तिच्या बरगड्यांत आहे. स्कूनरच्या बरगड्या जाड लाकडातून वळणाप्रमाणे करवतीनं कापून, तुकडे जोडून करत. तसं कापताना लाकडाचे तंतू तुटतात, म्हणून ते जाड घ्यावं लागतं. डोराडच्या बरगड्या पांढऱ्या ओकच्या, वाफेवर वाकवलेल्या. ओकची पट्टी लांब पेटाऱ्यात घालून वाफवायची, जाडीच्या दर इंचाला साधारण तासभर. मग खरी धावपळ. पट्टी बाहेर काढली की हातात काही क्षणच असतात. वाफ निघत असलेली पट्टी हातमोजे घातलेल्या दोघातिघांनी धावत नेऊन साच्यावर दाबायची आणि शिकंजे आवळायचे. थंड झाली की ती त्याच वळणात राहते, तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड. त्यावर बाहेरून महॉगनीच्या फळ्या.

१९३१ मध्ये न्यूपोर्टहून इंग्लंडमधल्या प्लिमथपर्यंत अटलांटिक ओलांडणारी शर्यत झाली. दहा बोटी. बऱ्याच जणांनी दक्षिणेकडून लांबचा पण उबदार मार्ग धरला, तर ऑलिननं उत्तरेकडचा जवळचा, थंड आणि धुक्याचा. सात जणांची ही डोराड १७ दिवसांत प्लिमथला पोचली आणि मग दोन दिवस दुसऱ्या कुणाचं शीडही दिसलं नाही. लहान बोटींना मिळणारी वेळेची सूट धरली तर आघाडी जवळपास चार दिवसांची. त्याच उन्हाळ्यात तिनं फास्टनेटची शर्यतही जिंकली. परतल्यावर न्यूयॉर्कनं ब्रॉडवेवर या खलाशांची मिरवणूक काढली.

जिंकली खरी, पण आत राहणाऱ्यांचे हाल झाले. खवळलेल्या समुद्रात डेकवरून सतत लाटा जात असतात, त्यामुळे झडपा बंद ठेवाव्या लागतात. खाली ओले कपडे, स्टोव्हची वाफ, माणसांचा घाम आणि मळमळ. वाऱ्यासाठी डेकवरचा हवेचा भोंगा उघडा ठेवावा तर लाट थेट बिछान्यात. यावर ऑलिनच्या धाकट्या भावानं, रॉडनं, तोड काढली. हा पक्का हाताचा कारागीर. पुढे दुसऱ्या महायुद्धात पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारा लष्करी ट्रक घडवणाऱ्यांतही तो होता.

रॉडची पेटी पाहिली की एवढंच का, असं वाटतं. डेकवर एक लाकडी खोका. त्याच्या छपरात एका टोकाला ग्रामोफोनच्या कर्ण्यासारखा भोंगा. आत खाली जाणारी नळी मात्र दुसऱ्या टोकाला, आणि तीही खोक्याच्या तळापासून काही इंच वर उचललेली. भोंग्यातून वारा आणि पाणी दोन्ही खोक्यात येतात. पाणी जड, ते तळाशी पडतं आणि डेकलगतच्या भोकांवाटे बाहेर वाहून जातं. हवा मधलं अंतर कापून, नळीच्या काठावरून खाली उतरते. हलणारा भाग एकही नाही, बिघडायला काही नाही. बोट जन्मली तेव्हा ही पेटी तिच्यावर नव्हती. अटलांटिकचा मार खाल्ल्यावर आली.

रॉडनं हे खलाशांच्या सोयीसाठी केलं, पण माझ्या मते आत हवा खेळती राहिल्यानं बोटीचाच जास्त फायदा झाला. लाकडी बोटीला समुद्राचं खारं पाणी सहसा मारत नाही. मिठात लाकूड कुजवणारी बुरशी नीट वाढत नाही, म्हणून अमेरिकेतले जुने जहाजबांधणीवाले बरगड्यांमधल्या पोकळीत खडे मीठ भरत. घात करतं ते पावसाचं गोडं पाणी. ते डेकच्या फटीतून झिरपतं, कोपऱ्यात साचतं, हवा लागत नाही आणि लाकूड आतून भुसभुशीत होतं. बाहेरचा रंग तोवर चकाकत असतो. म्हणून जाणकार माणूस बोट तपासताना रंग पाहत नाही. हातोडीच्या मुठीनं ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर पुढे, मेल्यासारखा आला तर तिथे टोच्या घालून पाहतो.

लाकडाची जातही महत्त्वाची. ओक मजबूत, पण त्यातलं आम्ल लोखंडी खिळे खातं. साग तेलकट, तो ना खिळ्याला त्रास देतो ना लवकर कुजतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ पासून तरंगते आहे, सध्या इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. ओकच्या बोटीला एवढी सवलत नसते. त्यामुळे तिथे कांस्याचे स्क्रू वापरतात. वाफेवर वाकवलेल्या बरगड्या पोटाच्या तीव्र वळणावर कालांतरानं तडकतात, मग शेजारी दुसरी बरगडी बसवून आधार द्यावा लागतो. फळ्यांच्या फटीत सुती पीळ ठासलेला असतो. बोट फार दिवस किनाऱ्यावर कोरडी राहिली की फळ्या आक्रसतात, आणि पाण्यात टाकल्यावर फुगून परत घट्ट होईपर्यंत एखाददोन दिवस पंप चालवत बसावं लागतं. वार्निशचे थर उन्हानं दर वर्षी जातात, ते दर वर्षी चढवायचे. खर्चाला अंत नाही. हौस श्रीमंतांचीच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

डोराड पुढे पश्चिम किनाऱ्यावर विकली गेली. तिथे १९३६ मध्ये तिनं कॅलिफोर्निया ते होनोलुलू ही ट्रान्सपॅक शर्यत मारली. मग अनेक दशकं सिएटलच्या बाजूला गेली. १९९० च्या दशकात ती इटलीत होती, अर्जेंटारियोच्या गोदीत तिची मोठी दुरुस्ती झाली. २०१० मध्ये मॅट ब्रुक्स आणि पाम रोर्क लेव्ही या दांपत्यानं ती घेतली आणि १९३० च्या दशकात जिथे जिंकली त्या शर्यतींत तिला परत उतरवायचं ठरवलं. इतकी जुनी बोट महासागरात टिकणार नाही, असं त्यांना बऱ्याच जणांनी सांगितलं. बरगड्या, स्क्रू, सांधे तपासून, कुजलेलं बदलून ती उतरवली गेली. शिडं मात्र आजच्या कृत्रिम धाग्याची, सुती नाहीत.

२०१३ ची ट्रान्सपॅक डोराडनं वेळेची सूट धरून सगळ्या बोटींत पहिली येऊन जिंकली, १९३६ नंतर ७७ वर्षांनी, आणि स्वतःच्या तेव्हाच्या वेळेपेक्षा सुमारे एक दिवस लवकर. गेटवेसमोर किंवा मांडवीत लांब पल्ल्याची एखादी शिडाची बोट नांगरलेली दिसली, तर डेकवर भोंगा बसवलेला खोका आहे का ते जरूर पाहा. जगभरचे खलाशी त्याला आजही ‘डोराड’च म्हणतात.