तळटीप : लोणावळा, पुणे आणि समुद्राचा अंदाज

मूळ मजकुरात लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ला नौदलाची हवामानशाळा म्हटले आहे. पण १५ फेब्रुवारी १९४५ पासून चालत आलेली ही संस्था सागरी अभियांत्रिकी शिकवते. हवामान व सागरशास्त्राचे नौदलातले शिक्षण कोचीत दिले जाते. लोणावळ्याच्या परिसराशी हवामानाचे नाते जुळते ते पुण्यामुळे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून तेथे आले व १९४४ मध्ये दिल्लीला गेले, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची बहुतेक वर्षे खात्याचा कारभार पुण्यातून चालला.

नौदलाला अंदाज लागतो तो केवळ वादळ चुकवायला, हा समज अपुरा आहे. वाऱ्यावर विमान उतरवणे ठरते, लाटांच्या उंचीवर सैन्य किनाऱ्याला लावणे. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची दोस्त राष्ट्रांची चढाई हवामानतज्ज्ञांच्या सल्ल्याने एक दिवस पुढे ढकलली गेली. पण ध्वनीच्या साहाय्याने पाणबुडी शोधताना पाण्याच्या पोटातले तापमान सर्वांत महत्त्वाचे. ध्वनी समुद्रात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, उबदार पाण्यात अधिक वेगाने. शांत समुद्रात उन्हाने वरचा थर तापला की ध्वनिलहरी खाली वळतात. सकाळी दूरवर ऐकणारे सोनार, म्हणजे ध्वनिशोधक यंत्र, दुपारी तोकडे पडते आणि पाणबुडीला लपायला जागा मिळते. म्हणून आकाशाच्या नोंदींइतक्याच खोलीनुसार घेतलेल्या पाण्याच्या नोंदीही मोहिमेआधी हाताशी असाव्या लागतात. मूळ लेखनात ही बाजू अजिबात आलेली नाही, म्हणून येथे विस्ताराने दिली.