रावबहादूर सी. के. बोले आणि मुंबई कायदे कौन्सिलचे दोन ठराव (१९२३ व १९२६)

प्रस्तावना :

महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात सर्वपरिचित आहे. ज्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी तो घडला, त्या ठरावाचे सूचक रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत आटोपला जातो. प्रस्तुत लेखात बोले यांच्या विधिमंडळीय कार्याचा आढावा घेतला असून, १९२३ च्या ठरावाइतकेच महत्त्व १९२६ च्या ठरावालाही द्यावे लागते, असे प्रतिपादन केले आहे.

सार्वजनिक जीवनाची जडणघडण :

बोले हे भंडारी समाजातील. मुंबईतील ब्राह्मणेतर चळवळ आणि कामगारांचे प्रश्न ही त्यांची प्रारंभीची कार्यक्षेत्रे होत. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या प्रमुख कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या अभिनंदनासाठी भरलेल्या सभेचे अध्यक्षस्थान बोले यांनी भूषविले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र आंबेडकरांना भेट दिले, ते याच प्रसंगी. ग्रामजोशांच्या वंशपरंपरागत दक्षिणेच्या हक्काविरुद्धचे विधेयकही बोले यांनीच पुढे कौन्सिलात मांडले. जन्माधिष्ठित हक्कांना कायद्याच्या मार्गाने आव्हान देणे हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते, असे यावरून म्हणता येते.

१९२३ चा ठराव व त्याच्या मर्यादा :

दि. ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले व राखलेले, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा आणि सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुले करावेत, अशी त्यात शिफारस होती. युक्तिवाद साधा होता : जे सर्वांच्या पैशातून उभे राहिले, ते सर्वांचे.

परंतु १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार कौन्सिलचा ठराव ही केवळ शिफारस असे. त्याला कायद्याचे बळ नव्हते. ११ सप्टेंबर १९२३ च्या आदेशान्वये सरकारने आपल्या मालकीच्या जागांपुरती अंमलबजावणी करण्यास खातेप्रमुखांना सांगितले. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र त्यांनी ठरावाचा विचार करावा, असा सल्ला देण्याचे काम कलेक्टरांवर सोपविले. वास्तविक गावोगावचे बहुतेक तलाव व विहिरी याच संस्थांच्या अखत्यारीत होत्या. म्हणजेच जेथे गरज सर्वाधिक, तेथे ठराव सर्वांत दुबळा ठरला.

तत्कालीन कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही पुढील तीन वर्षे सवर्णांच्या भीतीमुळे एकाही अस्पृश्याला तेथे पाणी भरता आले नाही.

१९२६ चा ठराव :

बोले यांचे वेगळेपण येथे दिसून येते. एकदा ठराव संमत झाला म्हणजे कर्तव्य संपले, असे त्यांनी मानले नाही. दि. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी पुन्हा ठराव मांडला. पहिल्या ठरावाची अंमलबजावणी नाकारणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांना सरकारने कोणतेही अनुदान देऊ नये, अशी त्यात शिफारस होती. हा ठरावही संमत झाला. तोही शिफारशीच्याच स्वरूपाचा होता. तथापि स्थानिक संस्थांची नाडी त्यांच्या अनुदानात आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते. केवळ विनंतीवर विसंबून न राहता आर्थिक दबावाचे साधन वापरण्याची ही सूचना त्या काळाच्या मानाने निश्चितच पुढची होती.

ठरावापासून पाण्यापर्यंत :

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. योगायोग असा की, बोले यांचा मूळ ठराव संमत होऊन त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण होत होती. पुढे वाद न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. तळ्यावरील अनन्य हक्काची अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नव्हती. कौन्सिलने जे १९२३ मध्ये सुचविले, ते महाडमध्ये न्यायालयात टिकण्यास अशी चौदा वर्षे लागली.

समारोप :

बोले यांच्या ठरावाने पाणी मिळाले नाही, हे खरे. सत्याग्रहींनी मार खाल्ला तेव्हा प्रश्न देशापुढे आला, हेही खरे. परंतु महाडला निघालेले लोक याचना करण्यास निघाले नव्हते. विधिमंडळाने व नगरपालिकेने मान्य केलेला हक्क बजावण्यास ते निघाले होते. ही भूमिका त्यांना बोले यांच्या ठरावामुळे घेता आली. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये सार्वजनिक निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव व स्नानघाटांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई करण्यात आली. १९२३ ची शिफारस अशा रीतीने मूलभूत हक्काच्या रूपात अवतरली. संमत झालेला ठराव कागदावरच राहिला तर त्याचा पाठपुरावा करणे, हे लोकप्रतिनिधीचे कर्तव्य असते. १९२६ मध्ये बोले यांनी ते बजावले आणि त्यातच त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल आहे.