तक्रारीचं पत्र: स्कोडाने गमावलेलं आणि परत मिळवलेलं नाव

मागच्या वेळी आपण कारखान्यांच्या उभारणीबद्दल बोललो. आज थोडा वेगळा प्रश्न घेऊ. कारखाना कोसळला तर पुन्हा बांधता येतो, यंत्रं नवी आणता येतात. पण एखाद्या कंपनीचं नाव खराब झालं, ‘यांचा माल टाकाऊ’ असं लोकांच्या तोंडी बसलं, तर ते परत कसं मिळवायचं? आणि मुळात ते जातं कसं?

यासाठी आपण स्कोडा या मोटार कंपनीचा इतिहास बघणार आहोत. आपल्याकडे ही गाडी बरी, महागातली म्हणून ओळखली जाते, त्यामुळे काहींना आश्चर्य वाटेल. पण १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘स्कोडा’ असं नुसतं म्हटलं तरी लोक हसायचे. स्कोडाची किंमत दुप्पट कशी करायची? टाकी पेट्रोलने भरायची! मागच्या काचेला हीटर कशाला? गाडी ढकलताना हात गरम राहावेत म्हणून! असे विनोद शाळेतल्या पोरांनाही पाठ होते. त्यात गंमत म्हणजे चेक भाषेत ‘श्कोडा’ या शब्दाचा अर्थच ‘नुकसान’ किंवा ‘अरेरे’ असा होतो. अर्थात कंपनीचं नाव आलं ते एमिल श्कोडा या उद्योजकाच्या आडनावावरून.

ही गोष्ट सुरू होते एका तक्रारीच्या पत्रापासून. साल १८९४. आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. म्लादा बोलेस्लाव्ह या गावात वाक्लाव्ह क्लेमेंट नावाचा एक पुस्तकविक्रेता राहत होता. त्याची जर्मन बनावटीची सायकल बिघडली. त्याने कंपनीच्या शाखेला आपल्या चेक भाषेत पत्र लिहिलं. उत्तर जर्मनमधून आलं, आणि त्याचा मथितार्थ असा की उत्तर हवं असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. क्लेमेंटला हे झोंबलं. वाक्लाव्ह लॉरिन या मेकॅनिकला सोबत घेऊन त्याने १८९५मध्ये स्वतःचाच सायकलचा धंदा काढला. सायकलचं नाव ठेवलं ‘स्लाव्हिया’. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला ते परत लागणार आहे.

पुढे मोटारसायकली आल्या, १९०५मध्ये मोटारगाडी आली. १९२५मध्ये लॉरिन-क्लेमेंटची कंपनी पिल्झेनच्या बलाढ्य श्कोडा कारखान्यात विलीन झाली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या गाड्यांना चांगला मान होता. म्हणजे आपण ‘नाव मिळवलं’ म्हणतो तेव्हा ते शून्यातून मिळवलेलं नव्हतं. होतं, गेलं, आणि मग परत आणलं. मग ते गेलं कसं?

१९३९मध्ये जर्मनीने देश गिळला आणि कारखाना युद्धाच्या कामाला जुंपला गेला. १९४५मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, १९४८ नंतर कम्युनिस्ट राजवट आली. आता एक गैरसमज दूर करू. ‘कम्युनिस्ट देश, त्यामुळे इंजिनिअरच वाईट’ असं सरसकट म्हटलं जातं. ते खरं नाही. १९७७च्या माँटे कार्लो रॅलीत स्कोडाच्या १३० आरएस या गाडीने आपल्या गटात पहिला नंबर काढला होता. हात आणि डोकं दोन्ही होतं. नव्हतं ते वेगळंच होतं.

पहिली गोष्ट म्हणजे पैसा आणि परवानगी. १९६४मध्ये कंपनीने मागे इंजिन असलेली १००० एमबी ही गाडी काढली. त्या काळी ही रचना चालण्यासारखी होती. पण १९७०च्या दशकात पश्चिम युरोपातल्या छोट्या गाड्या भराभर पुढे इंजिन आणि पुढच्या चाकांना गती या रचनेकडे वळल्या. स्कोडाच्या इंजिनिअरांनाही तेच करायचं होतं. वरून मंजुरी आणि पैसा मिळाला नाही, म्हणून १९७६मध्ये आलेल्या १०५ आणि १२० या ‘नव्या’ गाड्यांतही इंजिन मागेच राहिलं. या गाड्या परकीय चलनासाठी ब्रिटनमध्ये अगदी स्वस्तात विकल्या गेल्या. स्वस्त, जुनाट आणि वळणावर नवख्याची परीक्षा घेणारी, अशी गाडीची ओळख तिथे झाली.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. देशात गाडीसाठी आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. आपल्याकडे एकेकाळी स्कूटरसाठी नंबर लावायचे, ते ज्येष्ठ श्रोत्यांना आठवत असेल. अशा बाजारात गिऱ्हाइकाने तक्रार केली तर कारखान्याचं काय बिघडतं? मागे हजारो लोक रांगेत उभे आहेतच. कारखान्याला हिशोब द्यायचा असतो तो किती गाड्या बाहेर पडल्या याचा. पडल्यावर त्यांचं काय झालं याचा नाही. माणसं कमी पडली की कैद्यांनाही कामाला लावलं जायचं. बळजबरीने उभा केलेला माणूस बोल्ट नीट आवळला की नाही याची फिकीर का करेल? क्लेमेंटच्या पत्राला निदान उद्धट का होईना उत्तर आलं होतं. आता पत्राला उत्तर देण्याचं कारणच उरलं नव्हतं. गुणवत्ता गेली ती इथे.

१९८७मध्ये अखेर फेव्हरिट ही पुढे इंजिन असलेली गाडी आली. तिचं रूप इटलीच्या बर्टोनेने दिलं होतं. आराखडा चांगला होता, पण सुटे भाग आणि जोडणी जुन्याच पद्धतीची. आणि दोनच वर्षांत राजवट गेली.

१९९०मध्ये नव्या सरकारपुढे प्रश्न आला की स्कोडा कुणाच्या हाती द्यायची. शेवटी दोन दावेदार उरले. एकीकडे रेनो आणि व्होल्व्हो, दुसरीकडे फोक्सवॅगन. डिसेंबरमध्ये कौल फोक्सवॅगनच्या बाजूने गेला. त्यातला एक मुद्दा असा होता की स्कोडा हे नाव आपल्या समूहातला चौथा ब्रँड म्हणून टिकवायची तयारी फोक्सवॅगनने दाखवली होती. १६ एप्रिल १९९१ला नवी कंपनी सुरू झाली. फोक्सवॅगनचा वाटा सुरुवातीला सुमारे ३० टक्के होता. २०००मध्ये तो १०० टक्के झाला.

हा निर्णय चेक माणसासाठी सोपा नव्हता. ज्या कंपनीचा जन्म ‘जर्मनमध्ये लिहा’ या अपमानातून झाला, ज्या देशाने जर्मन ताबा सोसला, तिथल्या लोकांनी आपला मानाचा कारखाना जर्मनांच्या हाती दिला. पुढे १९९३मध्ये फोक्सवॅगन स्वतः अडचणीत आली आणि तिने कबूल केलेली गुंतवणूक आखडती घेतली. तेव्हा ‘फसवलं आम्हाला’ ही भावना प्रागमध्ये उघडपणे बोलली गेली. म्हणजे ‘परदेशी कंपनी आली आणि सगळं छान झालं’ इतकी ही सरळ कथा नाही.

मग बदललं काय? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, माणसं. फोक्सवॅगनने चेक व्यवस्थापकांना हाकलून जर्मन बसवले नाहीत. महत्त्वाच्या पदांवर एक चेक आणि एक जर्मन अशी जोडी बसवली. या पद्धतीला ‘टँडेम’ म्हणायचे, दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीचं नाव. भांडणं झाली, भाषेची अडचण आली. पण काही वर्षांत चेक माणूस काम शिकला आणि जोडीदार परत गेला. शंभर वर्षांपूर्वी पत्रातून तुटलेला संवाद आता एका खोलीत बसून करावा लागत होता.

दुसरी, सुटे भाग. मोटार कंपनी गाडीतला फार मोठा भाग बाहेरून घेते. बटण, वायरिंग, सीट, दिवे, यातलं एक बिघडलं तरी शिव्या बसतात त्या गाडीच्या नावाला. म्हणून आधी पुरवठादारांकडे लक्ष गेलं. परदेशी पुरवठादारांनी चेक कारखान्यांशी भागीदारी केली, काहींनी नवे कारखाने काढले. जे दर्जा पाळू शकले नाहीत ते बाहेर पडले. त्यात लोकांच्या नोकऱ्याही गेल्या, हे विसरू नये. याच काळात फेव्हरिटमध्ये बारीकसारीक शेकडो सुधारणा होत गेल्या, आणि १९९४मध्ये त्यातूनच फेलिशिया ही गाडी तयार झाली.

तिसरी, तक्रारीची वाट. १९९६मध्ये ऑक्टाव्हियासाठी म्लादा बोलेस्लाव्हला नवी जोडणीशाळा उभी राहिली. तिथे कार्यालयं जोडणीच्या रांगेला लागूनच ठेवली, आणि काही पुरवठादारांनाही त्याच छताखाली जागा दिली. दरवाजा नीट बसत नसेल तर इंजिनिअर, कामगार आणि पुरवठादार दहा पावलांवर. कागद चार टेबलं फिरायची गरज नाही. जुन्या कारखान्यात जी वाट बंद झाली होती ती इथे अक्षरशः विटा-सिमेंटमध्ये बांधून काढली.

ऑक्टाव्हियाचा सांगाडा फोक्सवॅगनच्या गोल्फसारखाच होता. गाडी चांगली झाली, जाणकारांनीही तसं लिहिलं. आता नाव परत मिळालं असेल असं वाटतं ना? नाही मिळालं. १९९८मध्ये ती ब्रिटनमध्ये आली तेव्हा लोकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसरी गाडी घेतली. शेजारी हसतील ही भीती! आपल्याकडे ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणतात. इथे उलटं झालं होतं. हातात सोनं, पण नावच कथलाचं.

इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं. माल सुधारायला पाच वर्षं लागली तर मत सुधारायला आणखी पाच लागतात. लोकांचं मत हे आजच्या गाडीबद्दल नसतं, दहा वर्षांपूर्वी काकाने घेतलेल्या गाडीबद्दल असतं.

२०००मध्ये फाबिया ही छोटी गाडी ब्रिटनमध्ये आली आणि तिथल्या एका प्रतिष्ठित मोटार मासिकाने तिला वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं. या वेळी कंपनीने जाहिरातीत एक धाडस केलं. ‘आम्ही आता तसे नाही’ असं तिने म्हटलंच नाही. थट्टाच जाहिरातीत घेतली. एका जाहिरातीत पार्किंगवाला गाडीच्या मालकाची माफी मागतो, की साहेब, तुमच्या इतक्या छान गाडीवर कुण्या वात्रटाने स्कोडाचा बिल्ला चिकटवलाय. लोक हसले, पण या वेळी गाडीला नाही, स्वतःच्या पूर्वग्रहाला हसले. एक मात्र लक्षात घ्या. हीच जाहिरात १९८५मध्ये केली असती तर ती आत्मघात ठरली असती. स्वतःवर हसणं ज्याच्याकडे दाखवायला खरा माल आहे त्यालाच परवडतं.

आता महाराष्ट्रात येऊ. २००१मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला, ऑक्टाव्हियाची जोडणी सुरू झाली. आपल्याकडे तो विनोद कुणी ऐकलाच नव्हता. मारुतीच्या जमान्यातल्या माणसाने पहिल्यांदा ऑक्टाव्हियाचा जड दरवाजा बंद केला आणि त्याचा आवाज ऐकून तो खूश झाला. एकच नाव, ब्रिटनमध्ये हसण्यावारी आणि मराठवाड्यात प्रतिष्ठेचं! नाव मालाला चिकटलेलं नसतं, त्या त्या समाजाच्या आठवणीत असतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा आम्हाला माहीत नाही. अर्थात इथल्या आठवणीही तयार होत गेल्या. देखभालीचा खर्च किती येतो, हा प्रश्न भारतीय गिऱ्हाइक विचारत राहिलं. ती नवी तक्रारपत्रंच होती.

आकड्यांत बघायचं तर १९९१मध्ये साधारण १ लाख ७२ हजार गाड्या बनवणारी ही कंपनी २०१४मध्ये पहिल्यांदाच वर्षाला १० लाखांच्या पुढे गेली. इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण २०१५मध्ये फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा उघड झाला. प्रदूषण चाचणीला फसवणारी प्रणाली असलेली इंजिनं स्कोडाच्याही सुमारे १२ लाख गाड्यांत निघाली. मोठ्या घराच्या आधाराने नाव मिळालं होतं, त्या घराचा डागही वाट्याला आला. उसन्या प्रतिष्ठेचं असंच असतं.

म्हणून आम्हाला असं वाटतं की गुणवत्तेचं नाव ही तिजोरीत ठेवायची वस्तू नाही. चूक ज्याला दिसते त्याचा आवाज, ज्याच्या हातात ती सुधारणं आहे त्याच्यापर्यंत पोचतो का, एवढ्यावर ते उभं असतं. वाट उघडी असेल तर स्वस्त गाडीही चांगली होते. वाट बंद झाली की मोठ्यातली मोठी कंपनीही खोटं बोलायला लागते.

२०२२पासून पुण्याजवळ चाकणला स्कोडाची एक गाडी तयार होते. तिचं नाव आहे ‘स्लाव्हिया’. १८९५ साली रागाच्या भरात काढलेल्या त्या सायकलीचं नाव. पुढच्या वेळी चाकणवरून जाताना हे नाव दिसलं, तर पत्र लिहिणाऱ्या त्या पुस्तकविक्रेत्याची आठवण काढा. आणि तुम्ही ज्या कुठल्या कचेरीत, कारखान्यात, दुकानात काम करता, तिथे असं पत्र आज आलं तर ते कुणाच्या टेबलावर जाईल, हेही जरा बघा.

आता प्रश्न घेऊ.