खंजिरीची करामत

मंडळी, गोड गळ्याने माणूस गवई होतो. पण त्याची पदे गावोगाव लोकांच्या ओठी बसायला आणखी काय लागते?

तुकडोजी महाराजांचेच बघा. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत, गरिबाघरी माणिकचा जन्म झाला. शाळा थोडकीच झाली. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला ‘तुकड्या’ म्हटले. पुढे पदांच्या शेवटी ‘तुकड्यादास’ हीच मुद्रा आली. चिमूरजवळच्या रामदेगीच्या रानात साधना झाली. मग हाती खंजिरी घेऊन स्वतःची पदे मराठीत, हिंदीत गात ते गावोगाव हिंडले.

तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातच आजचे गडचिरोलीही होते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चिमूर पेटून उठले. पुढे महाराजांना चांद्यात अटक झाली. नागपूर, रायपूरचा तुरुंग घडला. भजनाला सरकार भ्याले, ते का? ऐकणारा नुसती मान डोलवीत नव्हता, उठून कामाला लागत होता.

१९५५ साली ‘ग्रामगीता’ आली. साफसफाई, शेती, शिक्षण हे सारे तिच्यात ओवीबद्ध झाले. १९६८ साली खंजिरी थांबली. आणि गुरुजी, शाळा थोडकीच झालेल्या या माणसाचे नाव आज नागपूरचे विद्यापीठ लावते!