सामना कोणाशी, हे कोणी ठरवायचे?

सिंदी (मेघे) हे वर्धा शहराला अगदी लागून असलेले गाव. जनगणनेच्या कागदावर ते आज शहर झाले आहे. येथून सेवाग्राम काही मैलांवर. विदर्भातल्या अशा कोणत्याही वस्तीत क्रिकेटचा संघ उभा करणे अवघड नाही. अकरा पोरे जमतात, वर्गणीतून बॅट येते, चेंडू येतो. अवघड असते ते पुढेच. समोर कोण उभा राहणार? नामांकित संघाने 'तुमच्याशी खेळतो' म्हटले की वस्तीच्या संघाला पत येते. त्याने नाही म्हटले की कितीही चांगला गोलंदाज असला तरी तो वस्तीतच राहतो. खेळाचा इतिहास लिहिणारे धावा मोजतात, बळी मोजतात. सामना ठरला कसा, कोणी कोणाला आव्हान दिले, कोणी ते नाकारले, कोणत्या अटीवर स्वीकारले, याची मोजदाद सहसा होत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. आणि या विषयाचा एक धागा वर्ध्याला येऊन मिळतो.

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात मुंबईत झाली. पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पण गोऱ्यांच्या बॉम्बे जिमखान्याने त्यांच्याशी सामना खेळायला १८७७ साल उजाडावे लागले. पुढे १८८६ व १८८८ मध्ये पारशी संघ इंग्लंडला जाऊन आला. पहिल्या दौऱ्यात २८ सामन्यांपैकी एकच जिंकला, दुसऱ्यात ३१ पैकी ८ जिंकले. हरण्यासाठी का होईना, मोठ्याच्या मैदानावर जायचे आणि तेथून पत घेऊन परतायचे, असा हा व्यवहार होता. १८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांचे सामने दरवर्षी नेमाने होऊ लागले. या दोघांच्या रांगेत बसायला हिंदू जिमखान्याला जागा नव्हती. १९०६ मध्ये हिंदूंनी पारशांना आव्हान दिले, ते पारशांनी नाकारले. त्यांच्याऐवजी बॉम्बे जिमखान्याने आव्हान स्वीकारले. त्या वर्षी फेब्रुवारीत हिंदूंनी गोऱ्यांना १०९ धावांनी हरवले. १९०७ मध्ये तिरंगी स्पर्धा सुरू झाली, १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी झाली. एका सामन्याने हिंदू क्रिकेटला वेळापत्रकात कायमची जागा मिळवून दिली.

हा सामना कोणाच्या बळावर जिंकला गेला, हे येथे विचारले पाहिजे. त्या संघात पालवणकर बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम होते. बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा, जात चांभार. पुण्यात वाढलेला हा मुलगा आधी पारशांच्या आणि मग गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे, जाळी ठोकण्याचे काम महिना तीन-चार रुपयांवर करीत होता. गोऱ्या साहेबांना सरावासाठी त्याने गोलंदाजी करायची. फलंदाजी मात्र करायची नाही. बॅट हे मालकाचे हत्यार. राबणे तुमच्याकडे, मिरवणे आमच्याकडे, ही वाटणी आपल्या लोकांना नवी नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळूच लागणार होता. संघातल्या काही ब्राह्मण खेळाडूंनी विरोध केला. शेवटी गरजेने विटाळावर मात केली. पण किती मात केली? मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरत होता. चहाची वेळ झाली की बाळूचा चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणाचे पानही वेगळे. म्हणजे अस्पृश्यता गेली नव्हती, ती दोन डावांमधल्या विश्रांतीपुरती मागे सरली होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सवर्णांच्या अंतःकरणात पालट झाला आणि मग बाळू संघात आला, असे घडलेले नाही. बलाढ्य प्रतिस्पर्धी समोर उभा होता, म्हणून बाळू आत आला. सामना दुबळ्याशी असता तर त्याला कोणी बोलावलेही नसते. दार समतेने उघडले नाही, ते प्रतिस्पर्ध्याच्या धाकाने उघडले.

१९११ मध्ये हिंदुस्थानचा म्हणून पहिला संघ इंग्लंडला गेला. तो धर्मवार बांधलेला होता: सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि कर्णधार पतियाळाचे शीख महाराज. पाच हिंदूंत दोघे पालवणकर, बाळू व शिवराम. २३ सामने खेळले गेले, त्यांतले १५ हरले. या पडझडीत बाळूंनी सगळ्या दौऱ्यात मिळून ११४ बळी घेतले, प्रत्येकी १९ हून कमी धावांत. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंटी संघांना या संघाने हरवलेही. तरीही परतल्यावर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे आले नाही, पुढेही कधी आले नाही. १९२० च्या स्पर्धेत बाळूंना प्रथम वगळले गेले, कर्णधारपद दुसऱ्याकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. अस्पृश्य खेळाडूंनी संघटितपणे 'आम्ही खेळणार नाही' म्हटल्याचा हा प्रसंग आपल्या चळवळीच्या इतिहासात नोंदला गेला पाहिजे. अंतिम सामन्यासाठी त्यांना परत बोलवावे लागले आणि बाळूंना उपकर्णधार करावे लागले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवले. नकाराने जे मिळाले ते आर्जवाने मिळाले नव्हते.

आता खेळाच्या मैदानावरून राजकारणाच्या मैदानावर यावे लागते. कारण बाळूही तेथे आले. बाबासाहेबांनी एके काळी बाळूंचा जाहीर गौरव केला होता. अस्पृश्य समाजाला स्वतःचा म्हणावा असा पराक्रमी पुरुष बाळूंच्या रूपाने दिसत होता. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले होते, ते या कराराने गेले. संयुक्त मतदारसंघात राखीव जागा मिळाल्या. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर संघ हिंदूंचाच राहिला, त्यात काही जागा अस्पृश्यांच्या ठरल्या आणि निवड समिती सर्वांची, म्हणजे बहुसंख्यांची झाली. चौरंगी स्पर्धेतही नेमके हेच होते. पुढे १९३७ मध्ये 'इतर' नावाचा पाचवा संघ आला, त्यात भारतीय ख्रिस्ती आले, अँग्लो-इंडियन आले. सांगलीचे विजय हजारे त्याच संघातून खेळले. अस्पृश्य हे पाचांत वेगळे कोठेच नव्हते. ते हिंदूंत होते, बळी मिळवण्यापुरते.

त्याच १९३७ मध्ये मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघातील राखीव जागेसाठी निवडणूक झाली. स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार डॉ. आंबेडकर. त्यांच्यासमोर काँग्रेसने उमेदवार दिला पालवणकर बाळू! आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. हा सामना कोणी लावला? चांभाराचा मुलगा आणि महाराचा मुलगा, दोघेही आपापल्या क्षेत्रातले अजिंक्य वीर, समोरासमोर उभे केले गेले आणि वेळापत्रक तिसऱ्याच्या हातात राहिले. बाळूंना येथे दोष देण्याचा हेतू नाही. गांधींवर त्यांचा विश्वास होता आणि तो प्रामाणिक होता. पण ज्याला आपला प्रतिस्पर्धी निवडता येत नाही, त्याचा पराक्रम दुसऱ्याच्या कामी येतो, हे सत्य त्यामुळे बदलत नाही. दलितासमोर दलित उभा करण्याची ही रीत त्यानंतर किती मतदारसंघांत वापरली गेली, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको.

येथे वर्धा येते. याच वर्ध्यात १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले झाले होते. गांधी १९३६ पासून शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात राहत होते. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ त्यांना भेटायला वर्ध्याला आले. पंचरंगी स्पर्धेत खेळावे की नाही, हा प्रश्न होता. पुढारी तुरुंगात होते, जगात युद्ध चालू होते; अशा वेळी हा करमणुकीचा थाट गांधींना रुचला नाही. पण ते त्यापुढे गेले. कॉलेजा-कॉलेजांतले, संस्था-संस्थांतले सामने आपण समजू शकतो, परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी हे आपल्याला कधी उमगले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जिमखान्याने थोड्याशा मताधिक्याने माघार घेतली. १९३७ मध्येही हिंदूंनी माघार घेतली होती, पण ती ब्रेबोर्न स्टेडियमवर बसायच्या जागा कोणाला किती, या भांडणावरून! पुढच्याच वर्षी हिंदू पुन्हा खेळू लागले. स्पर्धा बंद पडली ती १९४६ मध्ये.

गांधींचे म्हणणे धर्माच्या बाबतीत बरोबर होते, यात शंका नाही. परंतु कॉलेजांचे सामने झाले म्हणजे प्रश्न सुटतो काय? वर्ध्यातली ती भेट व्हायच्या महिनाभर आधी अमेरिकेत काय घडले ते पाहू.

अमेरिकेत कॉलेजांचा फुटबॉल फार मोठा. तेथे कॉलेजांचे गट असतात. गटातले सामने ठरलेले. गटाबाहेरचे सामने ज्याचे त्याने जुळवायचे, करार करून. लहान कॉलेज मोठ्या कॉलेजाच्या मैदानावर जाते, पैसे घेते आणि बहुधा हरून येते. त्या पैशावर त्याचा वर्षाचा खेळ चालतो. हा झाला व्यवहार. पण अशा जुळवणीत आणखी एक अट गुपचूप असे. उत्तरेकडच्या कॉलेजाचा सामना दक्षिणेकडच्या कॉलेजाशी ठरला, तर काळ्या खेळाडूला बाहेर बसवायचे. या अटीला ते 'सभ्य गृहस्थांचा करार' म्हणत! २ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्क विद्यापीठाचा सामना मिसूरी विद्यापीठाशी त्यांच्या गावी होता. लेनर्ड बेट्स हा काळा खेळाडू न्यूयॉर्कच्या संघात होता. त्याला नेले गेले नाही. विद्यार्थी पेटून उठले, सुमारे दोन हजारांनी निदर्शने केली. संघ बेट्सशिवाय गेला आणि ३३-० असा हरला. चळवळ पुढे नेणाऱ्या सात विद्यार्थ्यांना १९४१ मध्ये विद्यापीठाने निलंबित केले. त्याच विद्यापीठाने २००१ मध्ये त्या सातांचा सन्मान केला. न्यायाला साठ वर्षे लागली.

म्हणजे कॉलेज हे नाव संघाला दिले की वर्ण जातो असे नाही. वर्ण करारात लपून बसतो. गांधींना संघाचे नाव खटकले. आपल्याला कराराची अट वाचावी लागते.

मग मार्ग कोणता? अमेरिकेतल्या काळ्या कॉलेजांनी एक मार्ग काढला. २७ डिसेंबर १८९२ रोजी नॉर्थ कॅरोलिनात बिडल आणि लिव्हिंगस्टन या दोन काळ्या कॉलेजांत पहिला सामना झाला. गोरे खेळत नाहीत तर आपण आपल्यात खेळू, म्हणून १९१२ पासून त्यांनी स्वतःचे गट बांधले. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या लहान काळ्या कॉलेजाला एडी रॉबिन्सन नावाचा प्रशिक्षक १९४१ मध्ये लाभला. त्याने हा संघ देशभर नेला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर ग्रॅम्बलिंग आणि मॉर्गन स्टेट ही दोन काळी कॉलेजे साठ हजारांवर प्रेक्षकांपुढे खेळली. सामना काळ्यांच्या हितासाठी झटणाऱ्या अर्बन लीगच्या मदतीसाठी होता. ग्रॅम्बलिंग ९-७ असे हरले. पण या हरण्यात लाज नव्हती. दोन्ही संघ आपले, अटी आपल्या आणि पैसाही आपल्या कामाला.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. यामागचा विचार निराळा नाही. दुसऱ्याच्या संघात राखीव जागा मिळवणे आवश्यकच आहे, ती सोडायची नाही. पण स्वतःची संस्था असल्याशिवाय आव्हान देता येत नाही आणि नाकारताही येत नाही. पालवणकर बंधूंच्या हाती कला होती, संस्था नव्हती. म्हणून १९२० चा त्यांचा नकार एका स्पर्धेपुरता विजयी झाला. १९३७ मध्ये नकार द्यायला त्यांच्यामागे कोणी नव्हते.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. विठ्ठलने १९४८ मध्ये मराठीत आपले 'माझे क्रीडाजीवन' लिहून ठेवले, हे आपल्यावरचे उपकार. आपल्या किती ग्रंथालयांत ते आहे, हे शिक्षकांनी पाहावे.

सिंदी (मेघे) सारख्या वस्तीतल्या पोरांना कोणी सामन्याचे बोलावणे दिले तर त्यांनी अवश्य जावे. हरण्याच्या भीतीने घरी बसणे हा आपला मार्ग नव्हे. बाळू घरी बसला नाही. मात्र मैदानावर उतरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. हा सामना कोणी ठरवला? आपल्यातल्या कोणाला बाहेर बसवण्याच्या अटीवर ठरवला? आणि खेळ संपल्यावर चहा एकाच भांड्यातून मिळणार आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असले तरी पहिले दोन विचारायचे राहू नयेत.