नवशिक्यांच्या वह्या

जर्मनीतील क्योथेन या लहानशा संस्थानी नगरात २२ जानेवारी १७२० रोजी एका पित्याने आपल्या थोरल्या मुलासाठी एक कोरी वही उघडली आणि तिच्या पहिल्या पानावर मुलाचे नाव, गावाचे नाव व तारीख घातली. मुलाचे नाव विल्हेल्म फ्रीडमान. वय वर्षे नऊ. पिता होता संस्थानिक लिओपोल्ड याच्या पदरी असलेला संगीतप्रमुख योहान सेबास्टियन बाख. आज जगात जेथे जेथे पियानो शिकविला जातो तेथे तेथे ज्या सोप्या रचना नवशिक्याच्या पुढ्यात ठेवल्या जातात, त्यांतील कित्येकींचा उगम या वहीत आणि याच घरातील दुसऱ्या एका वहीत सापडतो. या रचना कोणा परीक्षामंडळाने मागविलेल्या नव्हत्या की कोणा प्रकाशकाने. घरातल्या मुलांना शिकवावयाचे होते, म्हणून त्या लिहिल्या गेल्या.

पियानो हे वाद्य तेव्हा अस्तित्वात होते, पण असून नसल्यासारखे. फ्लॉरेन्स येथील क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमारास ते सिद्ध केले होते. परंतु जर्मन संगीतकारांच्या घरांत वाजत होते ते हार्पसिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड. काळ्यापांढऱ्या पट्ट्या असलेल्या या सर्व वाद्यांना मिळून जर्मन लोक क्लेव्हियर म्हणत. फ्रीडमानची वही ही क्लेव्हियरची वही होय.

तिची मांडणी पाहण्यासारखी आहे. आरंभी सुरांची नावे व स्वरलेखनाची चिन्हे. मग निरनिराळ्या अलंकारांचा, म्हणजे मुरकी-कंपनादी सजावटीचा, एक तक्ता. चिन्ह वर आणि ते प्रत्यक्ष कसे वाजवावे ते खाली. त्यानंतर एक चिमुकली रचना येते. तिच्या सुरांवर कोणते बोट कोठे ठेवावे याचे आकडे बाखने स्वतः घातले आहेत. आजच्या शिक्षकाला ते आकडे पाहून नवल वाटते, कारण चढत्या सुरावलीत अंगठा खालून न घेता मधले बोट अनामिकेवरून पुढे टाकण्याची जुनी पद्धत त्यांत दिसते. पुढे मुलाच्या अक्षरातील पाने येतात, काही ठिकाणी बाप-लेकांची अक्षरे एकाच रचनेत एकमेकांना लागून येतात. एक ओळ लेकाने रचावी, अडला की बापाने पुढे न्यावी, असा तो प्रकार असावा. शिकविणे आणि रचना करणे ही दोन कामे त्या घरात वेगळी मानली जात नव्हती, हे या पानांवरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही ग्रंथावरून होत नाही.

वही सुरू झाली त्याच वर्षाच्या जुलै महिन्यात बाख आपल्या धन्याबरोबर कार्ल्सबाडला गेला असता फ्रीडमानची आई मारिया बार्बारा मरण पावली. बाख परतला तेव्हा तिचे दफनही उरकले होते. घरात आईवेगळी चार मुले राहिली. वहीचे काम मात्र थांबले नाही. पुढल्या पानांवर पंधरा दोन-आवाजी रचना आणि त्यांच्या जोडीला तीन-आवाजी रचना उमटल्या. त्याच १७२३ साली सुधारून, नव्या क्रमाने आणि स्वच्छ अक्षरात बाखने उतरून काढल्या. ‘इन्व्हेन्शन’ व ‘सिन्फोनिया’ या नावांनी त्या आज ओळखल्या जातात. त्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर त्याने आपला हेतू सांगितला आहे. विद्यार्थ्याला प्रथम दोन आणि मग तीन आवाज स्वच्छ वाजविता यावेत, चांगल्या कल्पना सुचाव्यात व त्या नीट फुलविता याव्यात, आणि या सर्वांहून अधिक म्हणजे वादनात गाण्याचा गुण यावा, असा तो हेतू.

दोन आवाज म्हणजे काय, हे आपल्याकडील श्रोत्याला थोडे उलगडून सांगितले पाहिजे. पहिल्या इन्व्हेन्शनमध्ये उजवा हात एक लहानसा तुकडा वाजवितो. आपल्या स्वरनामांत तो ‘सा रे ग म रे ग सा’ आणि मग ‘प’ असा म्हणता येईल. कोणत्याही गायनशाळेतील पलट्यासारखाच तो दिसतो. पण उजवा हात पुढे सरकतो न सरकतो तोच डावा हात तोच तुकडा एक सप्तक खालून उचलतो. थोड्याच वेळात तुकडा उलटा होतो. जो चढत होता तो उतरू लागतो. डावा हात येथे साथीदार नाही. तो दुसरा गवई आहे, आणि पहिल्या गवयाइतकेच त्याला बोलावयाचे आहे. बावीस मापांच्या एवढ्याशा रचनेत त्या एका पलट्याखेरीज जवळजवळ काहीच नाही, आणि तरीही ती ऐकताना पलटे घोटल्याचा भास होत नाही. सोपे आणि क्षुद्र यांतील अंतर याहून चांगल्या रीतीने कोणी दाखविले असेल असे वाटत नाही.

बाखची शिकविण्याची रीत कशी होती याची माहिती फोर्केल याने १८०२ साली प्रसिद्ध केलेल्या त्याच्या चरित्रात येते. फोर्केलने ती बाखच्या मुलांकडून मिळविली होती. पहिले कित्येक महिने शिष्याने दोन्ही हातांच्या सर्व बोटांसाठी सुटे धडेच गिरवावयाचे, आणि स्पर्श स्वच्छ होईपर्यंत त्यांतून सुटका नाही. परंतु एखाद्याचा धीर सुटू लागला की बाख तेथेच बसून त्याच धड्यांना गुंफणारी एक लहानशी रचना लिहून देई. इन्व्हेन्शनसारख्या रचनांचे मूळ या प्रसंगांत आहे असे फोर्केल सांगतो. आपल्या संगीतातही खर्ज आणि पलटे यांचे कंटाळवाणे महिने शिष्याच्या वाट्याला येतात. आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिके’त सरगमी व लक्षणगीते घातली तीही विद्यार्थ्याच्या हाती काही गाण्याजोगे पडावे म्हणूनच. गुरूची परीक्षा शिष्याचा धीर सुटण्याच्या त्या क्षणी होते. तेव्हा रागावणारे पुष्कळ. लिहून देणारा विरळा.

रागावण्यापेक्षाही चमत्कारिक उपाय काहींनी केले आहेत. पॅरिसचा थोर वादक फ्रान्स्वा कूपरँ याने १७१६ साली हार्पसिकॉर्डवादनावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. मुलांनी सहाव्या-सातव्या वर्षी आरंभ करावा, पण सुरुवातीला गुरूच्या गैरहजेरीत मुळीच सराव करू नये, असे त्यात सांगितले आहे. पाऊण तास खपून घातलेले वळण मूल क्षणात बिघडवून टाकते. म्हणून शिकवणी संपली की वाद्याला कुलूप लावून किल्ली आपण बरोबर घेऊन जातो, असे तो मोकळेपणाने लिहितो. घरोघर ‘रियाझ कर, रियाझ कर’ असा धोशा ऐकणाऱ्या मुलांना हा गुरू निश्चितच आवडेल.

याच कूपरँची एक रचना बाखच्या घरातील दुसऱ्या वहीत उतरलेली आहे. ती वही आना माग्दालेनाची. बाखने डिसेंबर १७२१ मध्ये तिच्याशी विवाह केला. ती स्वतः दरबारात गाणारी, चांगल्या तयारीची गायिका होती. तिच्या नावाच्या दोन वह्या आहेत, एक १७२२ ची आणि दुसरी १७२५ ची. दुसरीच्या आरंभी बाखने स्वतःच्या दोन मोठ्या रचना लिहिल्या आणि पुढची पाने घरच्या माणसांवर सोपविली. बहुतेक अक्षर आना माग्दालेनाचे आहे. किशोरवयीन एमान्युएलने आपल्या पहिल्या कूचगीतांचे प्रयोग तीतच केले. मधूनच भक्तिगीते येतात आणि अखेरीस स्वरसंगतीचे नियम. घराच्या हिशेबाच्या चोपडीत जसे पाककृतीपासून पंचांगापर्यंत सर्व सापडावे तसा तो संसार आहे. आना माग्दालेनाला तेरा मुले झाली आणि त्यांतील सात लहानपणीच गेली. वही भरत होती ती त्याच वर्षांत.

या वहीतील एक मिन्युएट आज पियानो शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बोटांखालून जातो. मिन्युएट म्हणजे तीन मात्रांच्या संथ पावलांचे दरबारी नृत्य. दोन शतकांहून अधिक काळ त्याचा कर्ता बाख समजला जात होता, आणि मुंबई-पुण्यात लंडनच्या संस्थांच्या परीक्षांना बसलेल्या कितीतरी मुलांनी तो बाखचा म्हणूनच वाजविला असेल. वहीत त्यावर कोणाचेही नाव नाही. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात संशोधकांनी दाखवून दिले की तो ड्रेस्डेन येथील ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ट याचा आहे. पेट्झोल्ट १७३३ साली वारला होता. त्याचे नाव विद्वानांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. बाखच्या कीर्तीला यामुळे काही उणेपणा आला नाही. उलट, मुलांसाठी चांगले ते ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून घ्यावे, अशी त्या घराची रीत यातून कळते. पेट्झोल्टच्या हिश्श्याला मात्र अडीचशे वर्षांचा अज्ञातवास आला.

हे सारे संगीत हस्तलिखितांतच राहिले. इन्व्हेन्शन बाखच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. शिष्यांनी त्या नकलून घेतल्या, आणि नक्कल करणे हाही एक धडाच होता. लाइप्झिगला बाखकडे शिकलेल्या गेर्बर नावाच्या शिष्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे की, शिकविण्याची लहर नाही असे निमित्त करून बाख स्वतःच वाद्यावर बसे आणि थोर रचनांचा एक अख्खा संग्रह त्याने त्या शिष्याला तीनदा वाजवून दाखविला. ते तास शिष्याच्या मते आयुष्यातील सर्वांत सुखाचे.

पुढील शंभर वर्षांत चित्र पालटले. पियानो मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आला, आणि त्याबरोबर सोपी रचना हा बाजारात विकण्याचा माल झाला. रोममध्ये जन्मून लंडनमध्ये स्थिरावलेला म्युझिओ क्लेमेंटी हा वादक होता, शिक्षक होता, आणि पियानोंचा कारखानदार व प्रकाशकही होता. त्याच्या १७९७ मधील सहा सोनाटिना अजूनही शिकविल्या जातात आणि त्या शिकविण्याच्या योग्यतेच्या आहेत. परंतु १८१४ साली लोजिए नावाच्या शिक्षकाने हात जखडून ठेवणारी एक लाकडी चौकटच शोधून काढली व तिचे पेटंट घेतले, आणि तिचा प्रसारही झाला. व्हिएन्नामध्ये बेथोव्हेनचा शिष्य कार्ल चेर्नी दिवसाला दहा-बारा शिकवण्या करीत असे आणि उरलेल्या वेळी लिहीत असे. त्याच्या रचनांचे क्रमांक आठशेच्या वर जातात. त्याची थट्टा करण्याची प्रथा पडली आहे, ती सर्वस्वी न्याय्य नाही. लहानग्या लिस्टला त्याने विनामोबदला घडविले. तरी बोटांचा व्यायाम संगीतापासून सुटून स्वतंत्र संस्थान झाला तो याच काळात.

या संस्थानाचा जाच रॉबर्ट शूमान याने भोगला होता. तरुणपणी उजव्या हाताचे बोट कायमचे अधू झाल्यामुळे त्याला वादक होण्याची आशा सोडावी लागली. त्याची पत्नी क्लारा ही युरोपातील अग्रगण्य पियानोवादक. १ सप्टेंबर १८४८ रोजी त्यांची थोरली मुलगी मारी सात वर्षांची झाली. शिकवणीत मुलांच्या वाट्याला येणाऱ्या रचना इतक्या निकृष्ट असत की शूमानने तिच्या वाढदिवसासाठी स्वतःच काही रचून दिल्या. त्यांचाच वाढता वाढता त्रेचाळीस रचनांचा संग्रह झाला; पहिल्या अठरा लहानांसाठी, उरलेल्या थोड्या मोठ्यांसाठी. युरोपभर क्रांतीचा वणवा पेटलेले ते वर्ष. संग्रहातील काम आटोपून घरी परतणाऱ्या आनंदी शेतकऱ्याची रचना सर्वांना ठाऊक आहे. तीत चाल डाव्या हाताकडे आहे. म्हणजे बाखने ज्याला दुसरा गवई केले होते, तोच हात येथे मुख्य गायक झाला आहे. या संग्रहाला पुढे शूमानने तरुण संगीतकारांसाठी लिहिलेली सूत्रे जोडली गेली. बाखचा अभ्यास रोजच्या अन्नासारखा करावा, असा उपदेश त्यांत आहे.

शूमानची वाट पुढे अनेकांनी धरली. चायकोव्हस्कीने १८७८ साली चोवीस बालरचना लिहिल्या व आपण कोणाचे अनुकरण करीत आहोत ते सांगून टाकले. हंगेरीचा बेला बार्टोक याने १९२६ ते १९३९ या काळात एकशे त्रेपन्न चढत्या अवघडपणाच्या रचना सहा भागांत सिद्ध केल्या. आरंभी दोन्ही हात एकच साधी चाल वाजवितात आणि अखेरीस बल्गेरियन नृत्यांच्या विषम लयींपर्यंत मजल जाते. पहिले दोन भाग त्याने आपला मुलगा पेटर याला अर्पण केले. १९३३ साली नऊ वर्षांच्या पेटरला तो स्वतः शिकवू लागला होता.

त्या पहिल्या वहीचा धनी फ्रीडमान मोठा ऑर्गनवादक झाला, पण संसार धड झाला नाही. उतारवयात त्याच्यावर वडिलांची हस्तलिखिते विकण्याची पाळी आली आणि १७८४ मध्ये बर्लिन येथे तो दारिद्र्यात वारला. आना माग्दालेनाही पतीच्या मागे दहा वर्षे दानधर्मावर जगून १७६० मध्ये गेली. फ्रीडमानची वही आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मारी शूमानच्या वाट्याला निराळे आयुष्य आले. पिता वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिने लग्न केले नाही. १८७८ पासून क्लारा फ्रँकफुर्टच्या संगीतशाळेत शिकवू लागली, तेव्हा तिच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांची पूर्वतयारी करून घेण्याचे काम मारीकडे आले आणि ते तिने अनेक वर्षे केले.